लोपेझ दे एरेदिया, आरो: उशिरा विकणाऱ्या घराण्याची वाइन

स्पेनच्या रिओहा प्रांतात आरो नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या रेल्वे स्टेशनाला लागून नामांकित वाइनऱ्यांची अख्खी वसाहतच उभी आहे. दिवसभरात तीन-चार ठिकाणं उरकणारे बरेच असतात आणि संध्याकाळी त्यांना काहीच नीट आठवत नाही. एकच बघायची असेल तर लोपेझ दे एरेदियाची बघा. 1877 पासून एकाच घराण्याकडे असलेली, आता चौथ्या पिढीच्या हातात असलेली ही आरोमधली सगळ्यांत जुनी वाइनरी. पण वय हे तिथे जाण्याचं कारण नाही. जुनी घराणी युरोपात ढिगाने आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांकडे वारसा म्हणजे दिवाणखान्यातलं आजोबांचं तैलचित्र. इथे वारसा ताळेबंदात दिसतो: माल तयार असला तरी तो वर्षानुवर्षं विकायचा नाही, हा धंद्याचा नियम.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ताज्या फळांचा वास, गडद रंग, पहिल्याच घोटात भरलेलं तोंड, असं काही हवं असेल तर इथे पैसे घालू नका. ही वाइन फिकट, आंबटसर, हलक्या अंगाची असते. तिच्यात अक्रोड, सुकलेलं संत्र्याचं साल, तंबाखूचं पान असले वास येतात. पहिल्यांदा पिणाऱ्यांतले निम्मे जण पांढरी वाइन हुंगून ‘ही उतरलीय का?’ असं विचारतात. उतरलेली नसते, पण प्रश्न चुकीचा नाही. त्याचं उत्तर पुढे येईल.

स्टेशनापाशीच हा पसारा का, ते कळलं की घराण्याचं अर्धं चरित्र कळतं. आरोला रेल्वे आली 1863 मध्ये. पुढच्या काही वर्षांत फ्रान्समध्ये फिलोक्सेरा पसरली. वेलीच्या मुळांवर जगणारा हा पिकावरच्या माव्यासारखा बारीक किडा, पण त्याने बोर्दो या फ्रान्सच्या वाइन-प्रदेशातल्या बागाच्या बागा वाळवल्या. तिथले व्यापारी माल शोधत पिरेनीज पर्वत ओलांडून आरोत आले आणि रेल्वेच्या कडेलाच गोदामं थाटली. राफाएल लोपेझ दे एरेदिया इ लांदेता या संस्थापकाने 1877 मध्ये बांधकाम काढलं ते याच तेजीत. 1882 च्या फ्रान्स-स्पेन व्यापारी करारामुळे फ्रेंच बाजार आणखी उघडला. 1892 मध्ये करार संपला, फ्रेंच परतले, आणि 1899 च्या सुमाराला तोच किडा रिओहात पोचला. तेजीत आलेले बरेच जण तेव्हा आवरून गेले. राफाएलने उलटं केलं. एब्रो नदीच्या उजव्या काठाला, नदी वळसा घेते त्या शिंपल्याच्या आकाराच्या जमिनीवर 1913-14 मध्ये त्याने सुमारे 100 हेक्टरांची नवी बाग लावली. अर्थातच अमेरिकन खुंटावर, म्हणजे या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलीच्या मुळांवर, कलम करून, कारण फिलोक्सेराला दुसरा उपाय नव्हता आणि आजही नाही. ही बाग म्हणजे तोंदोनिया. घराण्याची सगळ्यांत नावाजलेली बाटली याच बागेच्या नावाने विकली जाते.

नाशिक-सांगलीच्या बागायतदारांना खुंट-कलम नवं नाही. फक्त कारण वेगळं. आपल्याकडे डॉगरिजसारखा खुंट आला तो क्षार आणि पाण्याची ओढ सोसावी म्हणून. तिथे तो नसता तर बागच राहिली नसती.

घराण्याकडे एकूण 170 हेक्टरांच्या आसपास जमीन आहे: तोंदोनिया, कुबियास, झाकोनिया आणि एल बोस्के. विकतची द्राक्षं घेत नाहीत. मांडव नाही, वाय पद्धत नाही, तारही बहुतेक ठिकाणी नाही. गुडघ्याएवढी झुडपं, प्रत्येक स्वतःच्या पायावर उभं. रिओहातली जुनी छाटणी अशी असते: खोडाला तीन फांद्या, प्रत्येक फांदीवर दोन आखूड काड्या, प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा. एका झाडाला बारा डोळे, संपलं. छाटणी वर्षातून एकदा, हिवाळ्यात, वेल झोपलेली असताना. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी असा दुहेरी खर्च. तिथे थंडीच ते काम फुकटात करते. उत्पादनाची मर्यादा मात्र ऐकून आपला बागायतदार हसेल: रिओहाच्या नियमाप्रमाणे काळ्या द्राक्षांना हेक्टरी 6,500 किलो, पांढऱ्यांना 9,000. म्हणजे काळी द्राक्षं एकरी जेमतेम अडीच टनांच्या वर. आपल्याकडे खाण्याच्या द्राक्षाला एकरी एवढा माल निघाला तर बँकेचा हप्ता निघत नाही. पण वाइनचा मणी बारीक, सालीने जाड लागतो. जास्त घड ठेवले की रस पातळ होतो, रंगही उतरतो.

लाल वाइनमध्ये मुख्य द्राक्ष टेम्प्रानियो. नाशिककडेही ती लावलेली आहे, त्यामुळे नाव ओळखीचं वाटेल. तोंदोनियाच्या लाल वाइनमध्ये ती साधारण तीन चतुर्थांश, मग गार्नाचो, आणि चिमूटभर ग्रासियानो व मासुएलो. शेवटची दोन क्षुल्लक वाटतात, पण पंधरा-वीस वर्षं टिकायचं तर आम्लता लागते, आणि ती मोठ्या प्रमाणात या दोघांकडून येते. पांढऱ्यात विउरा आणि थोडी माल्वासिया.

आता तळघर. खरी भेट इथेच होते. आंबवणं ओक लाकडाच्या प्रचंड उभ्या पिंपांत. त्यांतली काही संस्थापकाच्या काळातली आहेत. बाहेरून यीस्ट टाकत नाहीत. सालीवर आणि लाकडात जे असतं तेच काम करतं. त्यानंतर वाइन 225 लिटरच्या पिंपांत जाते. पिंपं घरचीच: अमेरिकन ओक आणून, लाकूड उघड्यावर मुरवून, स्वतःच्या कारखान्यात बनवलेली. हा कारखाना चालू असेल तर दहा मिनिटं तिथेच उभे राहा. फळ्या वाकवायला आतून विस्तव पेटवतात, बाहेरून ओलं ठेवतात, आणि लोखंडी कडी ठोकत ठोकत खाली उतरवतात. खिळा नाही, सरस नाही. पिंपं जुनी होईतो वापरतात हेही मुद्दाम. नवं लाकूड व्हॅनिला आणि नारळाचा वास जोरात सोडतं. इथे लाकडाकडून वास नको असतो, त्याच्या छिद्रांतून येणारी बेताची हवा हवी असते.

वर्षातून साधारण दोनदा वाइन एका पिंपातून दुसऱ्या पिंपात काढतात, म्हणजे तळाचा गाळ मागे राहतो. आरोच्या जुन्या तळघरांत हे काम मेणबत्ती धरून करायची रीत आहे: धार गढूळ दिसू लागली की तिथे थांबायचं. दहा वर्षं पिंपात राहिलेली वाइन म्हणजे वीसेक वेळा हाताळलेली वाइन. गाळण यंत्र नाही. शेवटी अंड्याचा पांढरा बलक घालतात. बलकातली प्रथिनं कडवट टॅनिनला, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतल्या तुरट द्रव्याला, धरून तळाशी बसतात आणि वाइन निवळते. युरोपातली जुनी मात्रा पिंपाला तीन ते सहा अंडी अशी आहे. बलक गाळाबरोबर निघून जातो, पण कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी हे माहीत ठेवूनच ठरवावं. लेबल वाचून ते लक्षात येईलच असं नाही.

भिंतींवर काळी बुरशी आणि बाटल्यांवर कोळिष्टकांच्या झालरी बघून काहींना शिसारी येते. साफसफाईचा कंटाळा म्हणून ती ठेवलेली नाहीत. बुचात अंडी घालणारे बारीक पतंग असतात, त्यांच्या अळ्या बूच पोखरतात आणि वाइन झिरपते. कोळी त्या पतंगांचा बंदोबस्त करतात. औषध फवारलं तर त्याचा वास बुचात उतरेल. बुरशी वाढते ती दमटपणामुळे, आणि दमटपणा हवाच, नाहीतर पिंपातून वाइन झपाट्याने उडते आणि बुचं आकसतात.

आता माल न विकता ठेवण्याचा तो हिशोब. एका पिंपातून 300 बाटल्या निघतात. इथे पिंपं तेरा हजारांच्या आसपास आहेत. भरलेली धरली तर सुमारे 39 लाख बाटल्यांची वाइन एकाच वेळी अडकून पडलेली, शिवाय बाटलीत भरून पडून असलेली वेगळीच. रिओहाचा कायदा लाल वाइनला ‘क्रियान्सा’ म्हणवून घ्यायला एकूण 2 वर्षं (त्यांतलं 1 पिंपात) मागतो, ‘रेसेर्वा’ला 3 (पिंपात 1), ‘ग्रान रेसेर्वा’ला 5 (पिंपात 2). या घरात क्रियान्साच पिंपात 3 वर्षं राहते, तोंदोनिया रेसेर्वा 6, आणि ग्रान रेसेर्वा जवळपास 10. बाटलीतली वर्षं वर. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला हे परवडणार नाही. तिमाही निकालात कोणीतरी विचारेलच की एवढा माल का पडून आहे. एकट्या पिढीलाही परवडणार नाही, कारण पहिली दहा वर्षं नुसता खर्च. मागच्या पिढीने भरून ठेवलेलं आपण विकायचं आणि आपण भरलेलं पुढच्यांनी, हे चक्र एकदा फिरू लागलं की मगच जमतं. तिसऱ्या पिढीचे पेद्रो लोपेझ दे एरेदिया 2013 मध्ये गेले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजार नव्या ओककडे आणि गडद वाइनकडे वळला तेव्हा त्यांनी काहीही बदललं नाही. आज त्यांची मुलं, मारिया होसे, मेर्सेदेस आणि त्यांची भावंडं, कारभार बघतात. आता फॅशन फिरून याच चवीकडे आली आहे आणि बाटल्या मिळेनात. हा योगायोगच, त्याचं श्रेय दूरदृष्टीला देऊ नये.

कुठली बाटली घ्यावी? बहुतेक जण थेट ग्रान रेसेर्वा शोधतात आणि तिथेच फसतात. पैशाचा पुरेपूर मोबदला देणाऱ्या दोन बाटल्या सगळ्यांत खालच्या फळीवर असतात: लाल ‘विन्या कुबियो’ आणि पांढरी ‘विन्या ग्रावोनिया’. कुबियो पिंपात 3 वर्षं असते आणि तिच्यात लाल फळाची चव अजून शिल्लक असते, म्हणून नवख्यालाही झेपते. ग्रावोनिया नुसत्या विउराची, पिंपात 4 वर्षं. तिच्यापासून कळायला लागतं की हे घर पांढऱ्या वाइनचं काय करतं. आमच्या मते अख्ख्या यादीत हीच पहिली घ्यावी.

‘उतरलीय का’ या प्रश्नाचं उत्तरही तिच्यातच आहे. सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं, कारण हवेशी संयोग पावणारी द्रव्यं त्यात असतात. सामान्य पांढरी वाइन स्टीलच्या टाकीत हवाबंद ठेवतात, ती याच भीतीने. इथे उलट: तरुण वाइनला सुरुवातीपासून बेताबेताने हवा देतात, त्यामुळे जे काळं पडायचं ते आधीच पडून गाळात बसतं. उरते ती सोनेरी, भक्कम आम्लतेची वाइन. आणखी हवेने तिचं फारसं बिघडत नाही. म्हणूनच ग्रावोनियाची उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन-चार दिवस सहज चांगली राहते, कधी दुसऱ्या दिवशी जास्त खुलते. खराब वाइनशी फरक कसा ओळखायचा? वास अक्रोडाचा, मधाचा असला तरी घोट स्वच्छ आणि चटकदार आंबट लागला तर ठीक. वास शिळ्या सफरचंदाचा किंवा व्हिनेगरचा आणि घोट सपाट, तर बाटली गेली.

‘तोंदोनिया रेसेर्वा’, लाल, ही घराची खरी ओळख, आणि जमत असेल तर दुसरी बाटली हीच. ‘बोस्कोनिया’ एल बोस्केच्या बागेतली, टेम्प्रानियोचं प्रमाण थोडं जास्त, अंगाने किंचित भरलेली. खांद्याला उतरत्या बुर्गुंडी बाटलीत येते, तोंदोनिया सरळ खांद्याच्या बोर्दो बाटलीत. दुकानात लांबून ओळखायची हीच खूण. पांढरी तोंदोनिया रेसेर्वा अप्रतिम, पण तिचा भाव आता ग्रावोनियाच्या कितीतरी पुढे गेला आहे आणि चवीतला फरक त्या पटीत नाही. रोझे, म्हणजे गुलाबी, ग्रान रेसेर्वा हे वेगळंच प्रकरण. जगभर रोझे म्हणजे वर्षाच्या आत पिऊन संपवायची. ही साडेचार वर्षं पिंपात असते, रंग कांद्याच्या सालीचा. दरवर्षी निघत नाही. 2000 सालच्या द्राक्षांनंतर थेट 2008 ची आली. त्या टंचाईने तिचं देवस्थान झालं. आज तिच्या किमतीतला मोठा वाटा दुर्मिळपणाचा आहे. कोणी पेलाभर पाजत असेल तर नाही म्हणू नका, बाटलीसाठी धावू नका.

या वाइनचा खरा दोष म्हणजे बाटलीगणिक फरक. न गाळलेली, नैसर्गिक बुचाची, दशकभर जुनी वाइन. बूच कसं निघालं आणि मधल्या व्यापाऱ्याने ती कुठे ठेवली, यावर सगळं ठरतं. म्हणून खरेदी करताना मानेतली पातळी बघा. बुचापासून बोटभर खाली ठीक. खांद्यापर्यंत उतरली असेल तर सोडा.

उघडणं हे इथे निम्मं काम आहे. लाल बाटली आदल्या दिवशीच उभी ठेवा, गाळ तळाशी बसायला तेवढा वेळ लागतो. ग्रान रेसेर्वाच्या तोंडाला मेण असतं. ते ठोकून फोडू नका, त्याचे तुकडे पेल्यात जातात. सुरीने फक्त वरची चकती खरवडा, कडा ओल्या फडक्याने पुसा. जुनं बूच भिजून मऊ झालेलं असतं. साधा स्क्रू मधोमध घुसवून जोराने ओढला की वरचा अर्धा भाग हातात आणि खालचा अर्धा आत. दोन पात्यांचा ओपनर मिळतो तो घ्या: पाती बुचाच्या दोन बाजूंनी आळीपाळीने डोलवत खाली सरकवायची, मग फिरवत फिरवत वर काढायचं. तरीही तुटलं तर आत ढकला आणि चहाच्या बारीक गाळणीतून ओता, वाइनला काही होत नाही. ओतताना मानेमागे मोबाइलचा उजेड धरा आणि गाळाची रेघ मानेत आली की थांबा.

तापमानाचं पुस्तकी वाक्य, ‘लाल वाइन खोलीच्या तापमानाला’, हे युरोपातल्या जुन्या थंड घरांसाठी होतं. मुंबई-पुण्याच्या 30 अंशांत ही वाइन नुसती दारू लागते. 16 ते 18 अंश हवेत, म्हणजे फ्रिजमध्ये दीडेक तास. पांढरी उलट फार थंड नको. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवा, 13-14 अंशांना ती बोलू लागते. पहिला वास कोंदट आला तर अर्धा तास थांबा, बहुधा उडून जातो. ओल्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला आणि तो वाढतच गेला, तर बूच बाधलेलं आहे. त्याला इलाज नाही.

खाण्याबरोबर? आरोत हिच्यासोबत वेलीच्या सुक्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या कोवळ्या मेंढीच्या बरगड्या खातात. छाटणीचा माल वाया जात नाही आणि काडीचा जाळ झटकन भडकून विझतो, निखारा तेवढा उरतो. आपल्याकडे लाल तोंदोनिया झणझणीत रश्श्याबरोबर घेऊ नका. तिखटाने टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही बोचू लागतात आणि एवढ्या वर्षांचा नाजूकपणा पाण्यात जातो. ग्रावोनिया मात्र तळलेल्या सुरमईबरोबर किंवा ओल्या काजूच्या उसळीबरोबर फार छान बसते, कारण तिच्यात नारळ-काजूचा स्निग्धपणा कापायला पुरेशी आम्लता आहे.

भेटीबद्दल: बिल्बाओ विमानतळापासून रस्त्याने सुमारे 100 किलोमीटर, लोग्रोन्यो शहरापासून 45. रेल्वे आरोपर्यंत जाते, पण गाड्या मोजक्याच. तळघराची भेट आधी ठरवूनच मिळते, ऐन हंगामात बरंच आधी लिहावं लागतं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा तोडणीचा काळ, बघायला उत्तम, वेळ मिळायला अवघड. 29 जूनला गावात वाइनची लढाई असते. लोक डोंगरावर जाऊन एकमेकांवर वाइन ओततात. मजा आहे, पण त्या दिवसांत निवांत भेटीची अपेक्षा धरू नका. तळघरात उन्हाळ्यातही गारठा असतो. पातळ स्वेटर आणि न घसरणारे बूट हवेत.

दारातच वास्तुविशारद झाहा हदीद यांनी केलेलं विक्रीदालन आहे, वाइन ओतायच्या सुरईच्या आकाराचं. त्याच्या पोटात घराण्याने 1910 च्या ब्रसेल्स प्रदर्शनात मांडलेला लाकडी स्टॉल जपून ठेवला आहे. सगळे बाहेरून फोटो काढतात. बघण्यासारखा आहे तो आतला स्टॉल.

आणायच्या असतील तर भारतात उतरणाऱ्या प्रौढ प्रवाशाला 2 लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन बाटल्या. तिसरी घेतली की 2.25 लिटर होतात, त्यामुळे एक ग्रावोनिया आणि एक लाल तोंदोनिया रेसेर्वा हा हिशोब बसतो. चेक-इन बॅगेच्या मधोमध, कपड्यांत गुंडाळून, आणि प्रत्येक बाटली वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. घरी पोचल्यावर लाल बाटली दोन आठवडे तरी आडवी, अंधारात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पडू द्या. विमानात ढवळलेला गाळ तेवढ्यात बसतो. वाइनचा वेगळा फ्रिज नसेल तर येत्या काही महिन्यांत पिऊन टाका. ओट्याखालच्या कपाटात मे महिना काढायला ठेवू नका.